लिफ्टने घेतलेला संशय

नव्या फ्लूचा श्वास ओळखणारी लिफ्ट बसवली, की अकराव्या मजल्यावरची आपली शेजारीण, नर्स लोखंडे, सगळ्यांसमोर उघडी पडेल आणि मुकाट घर सोडेल, असा सेक्रेटरी दिघेकाकांचा हिशोब होता.

पहिल्याच दिवशी काका, सिस्टर लोखंडे आणि इमारतीतले कोठावळे आत शिरले आणि लिफ्ट तळमजल्यावरच अडली. "आत एकजण बाधित आहे," ती म्हणाली. नाव सांगायची तिला परवानगी नव्हती.

"सिस्टर, उतरा बघू!" काका गरजले.

ती उतरली. लिफ्ट हलेना. मग कोठावळे घाबरून स्वतःच उतरले. तरी हलेना.

"काका, आता आत कोण राहिलं हो?" सिस्टरने विचारलं.

काकांना उतरावं लागलं, आणि कोठावळे लिफ्टने आरामात वर गेले. अकरा मजल्यांचे जिने काकांच्या गुडघ्यांना भोवले, आणि त्यांची पिशवी घेऊन मागून चढणाऱ्या सिस्टरच्याही.