तिसरी गल्ली

गंगाखेडच्या त्या वस्तीत गल्ल्या दोनच. शाळेत शिकवणाऱ्या सुकेशनीनं त्या मोबाईलवरच्या नकाशात नावानिशी भरल्या होत्या. कुणालाही भर घालता येईल असा तो नकाशा होता. पण महिनाभरापासून त्यात तिसरी गल्ली उमटायला लागली होती. ती पुसायची, सकाळी गल्ली पुन्हा तिथंच असायची. भर घालणाऱ्याच्या जागी नाव सुकेशनीचंच असायचं. प्रत्यक्षात तिथं उसाचं रान होतं.

त्या दुपारी तिच्या आईला, चांगुणाबाईला, जोराची धाप लागली. सुकेशनीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि अँब्युलन्स बोलावली. अर्धा तास झाला तरी गाडी येईना. रडकुंडीला येऊन तिनं ड्रायव्हरला फोन लावला.

"ताई, मी तुमच्या दारातच हाय की. नकाशात दिसतंय तिथंच, तिसऱ्या गल्लीत."

"भाऊ, तिथं गल्ली न्हाई, नुसता ऊस हाय! मागं फिरा, पाया पडते तुमच्या!"

"असं कसं? दोन्ही बाजूला घरं हायत. आन् आजी तर गाडीत बसल्यात."

"माझी माय इथं हाय! माझ्या मांडीवर!" सुकेशनी ओरडली. तिनं आईचा हात गच्च धरला.

फोनमध्ये गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग आईचा आवाज आला, अगदी स्वच्छ, धाप नसलेला.

"सुकेशनी, येते गं मी. तुझ्या मांडीवर हाय तिला एकटीला सोडून उठू नको."

मांडीवरची धाप एकदम थांबली. हातातल्या हातानं सुकेशनीचा हात हळूहळू आवळायला सुरुवात केली.