अडलेला शब्द

“मी ख्रि... ख्रि...” किल्लीवाल्याचा शब्द अडला.

टेबलापलीकडे बसलेल्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला होता, तुम्ही ख्रिस्ती आहात का? खोलीला दोन दारं होती. ‘नाही’ म्हणणारा पुढच्या दाराने रस्त्यावर, आपल्या घरी जायचा. ‘होय’ म्हणणाऱ्याला मागच्या दाराने नेत. तिकडे ट्रक उभा असायचा, आणि त्या ट्रकमधून गेलेलं माणूस आजवर परत आलं नव्हतं. किल्लीवाल्याच्या चर्चचे पाळक परवा त्याच दाराने गेले. नवऱ्याचं उत्तर तेच बायकोचं, असा नियम. म्हणून किल्लीवाल्याची बायको पिशवीचे बंद मुठीत आवळून शेजारी उभी होती. तिला कुणी काही विचारणार नव्हतं. विचारलं असतं तर आपण काय सांगितलं असतं, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

किल्लीवाला लहानपणापासून तोतरा. “जगाची कुलपं उघडतो, स्वतःच्या जिभेचं तेवढं जमत नाही,” अशी बाजारात त्याची थट्टा चालायची, आणि तोही हसायचा. त्यात जोडाक्षर आलं की मेलं अडलंच म्हणून समजा. मग गिऱ्हाइकं त्याचं वाक्य आपणच पुरं करून मोकळी होत. “कुलपाला ते... ते...” असं तो तेल घालायचं सांगायला जाई, तोवर समोरचा “तेच बदलू म्हणता? बरं,” म्हणून नवं कुलूप घेऊन चालूही लागे.

पण बायको दुकानात असली की हे चालायचं नाही. ती हातातलं काम खाली ठेवून म्हणायची, “थांबा जरा. त्यांचं बोलून झालेलं नाही.” मग भलेभले गप्प उभे राहत.

तिने स्वतः पुढचा शब्द त्याच्या तोंडात कधी घातला नाही. त्याने तिला लग्नाचं विचारलं तेव्हा समोरचा चहा पार निवून गेला होता. तो काय विचारणार हे तिला पहिल्याच अक्षराला कळलं होतं. तरी ती थांबली. प्रार्थनेतही तेच. ‘येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो’ इथे पोचला की ‘ख्रि’वर गाडी अडायची. सगळी मंडळी डोळे मिटून बसून राहायची. आमेन म्हणायची घाई कधी कुणी केली नाही.

आज सकाळी त्याच्या सदऱ्याची बटणं लावून देताना तिने त्याला परोपरीने विनवलं होतं. “नाही म्हणा. तेवढंच. देवाला मन कळतं की.”

“क... कळतं ना,” तो म्हणाला होता. “म्ह... म्हणून तर.”

तिने शेवटचं बटण लावलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. तिला राग आला होता. त्याचा, देवाचा, त्या मेल्या ट्रकचा.

“मी ख्रि... ख्रि...”

इथवरचं वाक्य दोन्ही उत्तरांना सारखंच. साहेब त्याच्याकडे बघत होते. माणूस वाईट नव्हता. एकदा त्यांची चिमुरडी आत अडकली होती, चुलीवर दूध जळून घरभर धूर झाला होता, तेव्हा किल्लीवाल्यानेच कुलूप उघडून तिला कडेवर बाहेर आणलं होतं. साहेब ते विसरले नव्हते. त्यांनी दाराशी उभ्या शिपायाकडे एकवार पाहिलं.

“ख्रिस्ती नाही,” साहेबांनीच त्याचं वाक्य पुरं केलं. “कळलं, काका. कळलं मला.” मग आवाज उतरवून तिला म्हणाले, “काकू, घेऊन जा त्यांना. लवकर.”

शिपायाने पुढचं दार उघडलं. बाहेर छान ऊन पडलं होतं. कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिच्या जिवात जीव आला. तो खोटं बोलला नव्हता, ती खोटं बोलली नव्हती. साहेबांनी पदरचा शब्द घातला होता, त्याचं काय व्हायचं ते साहेब बघतील. आता घरी जायचं, चहा टाकायचा, दुकान उघडायचं. तिने नवऱ्याचा दंड धरला आणि ओढला.

तो हलला नाही. मान आखडलेली, ओठ थरथरत होते, शब्द अजून तिथेच अडला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, विनवून नाही. गिऱ्हाईक मधेच बोललं की तो दुकानात बघायचा ना, अगदी तसंच. ही आहे, आता होईल सगळं नीट, असं.

तिला गलबलून आलं. हा माणूस तिला हवा होता. दुकानात, घरात, म्हातारपणी समोर बसून अडखळत गोष्टी सांगताना हवा होता. पण साहेबांचा शब्द तोंडात घेऊन घरी येईल, तो हा नव्हेच.

तिने त्याचा दंड सोडला आणि हात हातात घेतला. मग ती साहेबांकडे वळली.

“थांबा जरा, साहेब,” ती म्हणाली. “आमचं बोलून झालेलं नाही.”