पाहुणचार

रासायनिक अस्त्रांवरची बंदी पाळली जाते की नाही, हे तपासायला आंतरराष्ट्रीय पथकातली बाई कारखान्यात आली, तेव्हा मॅनेजर दारातच उभा होता. असल्या अगत्यावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता.

"आम्ही फक्त कीटकनाशक पावडर बनवतो, मॅडम. इतकी जहाल, की मुंगीसुद्धा वाचत नाही. गोदामाचा कोपरान् कोपरा बघा. आमच्याकडे लपवाछपवी नाही."

कोपरे खरंच स्वच्छ होते. जरा जास्तच.

तपासणीच्या जागी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा तिचा नियम. तो सांगूनही मॅनेजरने चहा-बिस्किटं मागवलीच आणि बशी तिच्यासमोरच्या पावडरीच्या पोत्यावर ठेवली.

तिने नमुने घेतले, बाटल्या सील केल्या आणि बशीकडे बघत उभी राहिली.

"घ्या की, मॅडम," तो हसला. "विष का घातलंय त्यात?"

"बिस्किटात नाही, ते दिसतंय मला."

पोत्याच्या शिवणीतून निघालेली मुंग्यांची रांग बिस्किटापर्यंत पोचली होती.

"पोत्यातही नाही," ती म्हणाली. "मग विष ठेवलंय कुठे, साहेब?"