लांडग्याची पाटी
आटपाडीच्या माळावर बाईंनी नववीच्या मुलांना गोलात उभं केलं आणि प्रत्येकाच्या गळ्यात एकेक पाटी अडकवली: गवत, ससा, मेंढी, लांडगा. लांडग्याची पाटी नेमकी सोनियाला आली. पहाटे लांडग्यानं तिचंच कोकरू फाडलं होतं. "त्याला मारा," म्हणून ती वडिलांपाशी रडली होती. बाईंनी लोकरीचा एकच धागा सगळ्यांच्या बोटांतून ओवला. "लांडग्या, तुझा सोड." तिनं सोडला, तसा सगळ्यांचाच सैल पडला. "लांडगा गेला की ससे वाढतील, गवत संपेल," बाई म्हणाल्या, "मग मेंढरं काय खातील?" लांडगा उरलेलं खायला परत येईल आणि मरेल म्हणून संध्याकाळी वडील मेलेल्या कोकरावर ओतायला डाळिंबाच्या फवारणीचं विषारी औषध शोधत होते. "बाटली बघितलीस का गं?" "न्हाई." "सकाळी तूच म्हणलीस नव्हं, मारा?" सोनियाला पुन्हा रडू फुटलं, कुणासाठी, तेच कळेना. बाटलीनं जड झालेलं दप्तर तिनं पाठीवरून उतरवलंच नाही.