केटल लेकची अकरा नंबरची जागा

"गाडीतला खिडकीजवळचा पलंग तू घे," नेटी म्हणाली. "दारापाशी वारा लागतो."

डॅगमारनं अजून अंगातला कोटसुद्धा काढला नव्हता. "मी येते म्हणाले का?"

"नाही म्हणालीस. म्हणून तर बटाटा भरून पेरोगी केल्यात. बस."

या स्वयंपाकघरात डॅगमार पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच पाय ठेवत होती. गाव एवढंसं. एक दुकान, एक चर्च, एक धान्याचं कोठार. तरी या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि त्याचं कारण बाहेर अंगणात आरव्हीखाली, त्या चाकांवरच्या घराखाली, उताणं पडून एका गंजक्या नटबोल्टला शिव्या घालत होतं.

नेटीचा नवरा ऑर्व्हिल. त्याचं लग्न आधी डॅगमारशी ठरलं होतं. अंगठी झाली होती. मग नाचाच्या हॉलमध्ये नेटीनं त्याला एका अस्वलाची गोष्ट सांगायला घेतली. ती संपायला तीन शनिवार लागले, तोवर अंगठी परत आली होती. डॅगमारनं पुढं दुसऱ्याशी लग्न केलं. तीन वर्षांपूर्वी तो वारला.

आणि आता नेटीनं आपणहून तिला फोन केला होता. ऑगस्टमध्ये तिघांनी आरव्ही घेऊन केटल लेकच्या पार्कात जायचं. सातशे किलोमीटर, त्यातले शेवटचे दोनशे खडीचे, आणि पुढं नुसतं जंगल. जागा राखून ठेवायला एक वाजता पार्कच्या ऑफिसचा फोन सुरू होणार होता. त्याच्या आत नेटीला डॅगमारचं हो हवं होतं.

"खरं सांग," डॅगमार म्हणाली. "तिकडं नेऊन मला अस्वलाला घालणार आहेस ना?"

"अस्वल तुझ्या वाटेला जायचं नाही. तू गायला लागलीस की चर्चमधले उंदीर सामान बांधतात."

हसू दिसू नये म्हणून डॅगमारनं तोंडात पेरोगी कोंबली.

"डास मात्र आहेत," नेटी म्हणाली. "मागच्या वर्षी एकानं दार वाजवलं. ऑर्व्हिल म्हणाला, पार्कचा पास दाखव. तर दाखवला त्यानं!"

"तिचं अर्धं खोटं असतं गं, डॅगमार!" बाहेरून ऑर्व्हिल ओरडला.

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते अजून शोधतोय! डॉक्टर ठणठणीत म्हणाला असं सांगत घरी आल्यापासून जास्तच सुटलीय ही!"

नेटीच्या ताटलीतल्या पेरोगी तशाच होत्या. करता करताच पोट भरलं, म्हणाली. मग तिनं डॅगमारला हाताला धरून अंगणात नेलं.

"हे बघ. थंडीत नळ्या फुटू नयेत म्हणून यात गुलाबी औषध भरलेलं असतं. आता पाणी सोडायचं, ते रंग पूर्ण जाईपर्यंत. ऑर्व्हिल मध्येच बंद कर म्हणेल. ऐकायचं नाही. एकदा आठवडाभर गुलाबी कॉफी प्यायलाय तो."

"पण हे मला कशाला? तू आहेस ना."

"मी स्वयंपाकात असेन. दुसऱ्या कुणाला माहीत नको?"

मग तिनं निळी डबी दाखवली. "या त्याच्या गोळ्या. नाश्त्याआधी दोन. घेतल्या म्हणतो आणि गालात ठेवतो. जीभ बघायची."

"मी त्याची जीभ बघू?"

"पंचेचाळीस वर्षांपूर्वीच नीट बघायला हवी होतीस."

डॅगमारचा चेहरा त्या औषधासारखा झाला. नेटीनं तेवढ्यात आपले रबरी बूट तिच्या पायांपुढं ठेवले. डॅगमारनं नको नको म्हणत घालून पाहिले, तर मापाचे निघाले.

"आणि तू काय घालशील?"

"घेईन की नवे."

पावणेएक झाला. दोघी आरव्हीच्या पायरीवर बसल्या. ऑर्व्हिल पलीकडं टायरमध्ये हवा भरत होता.

"मला का गं?" डॅगमारनं विचारलं. "तुला बहिणी आहेत. मैत्रिणी आहेत."

"त्यांना त्याचे विनोद सहन होत नाहीत. तुला ते सगळे पाठ होते आणि तरी तू अंगठी घेतली होतीस."

डॅगमारनं बुटावरची माती अंगठ्यानं खरवडली. "घरी मी रेडिओला जेवायला हाक मारते," ती म्हणाली. "खोटं नाही सांगत."

"माहितेय. तुझ्या खिडकीवरून जाताना ऐकलंय मी."

"तुला माफ केलेलं नाहीये मी, नेटी."

"नकोच करूस. वाटेत सातशे किलोमीटर बोलायला काहीतरी लागेल."

डॅगमारनं नाक पुसलं. "बरं. येते मी."

पलीकडं पंपाचा आवाज थांबला. ऑर्व्हिलनं काहीच ऐकलं नाही असं दाखवलं, पण त्याचे कान लाल झाले होते.

उरलेल्या पेरोगींचं भांडं घेऊन तो डॅगमारला फाटकापर्यंत सोडायला गेला. नेटी आत आली. खिडकीतून तिला दोघं दिसत होती. त्यानं काहीतरी सांगितलं आणि डॅगमारनं त्याच्या दंडावर एक चापट मारली. नेटीनं ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली, श्वास परत आल्यावर फोन उचलला.

सातव्यांदा लावल्यावर लागला. पार्कच्या ऑफिसात बर्निस होती, नेहमीचीच.

"अकरा नंबर ना, नेटी? ठेवलाय तुमच्यासाठी. पण नावं नीट सांग. इथं फाटकावर डोकी मोजतो आम्ही. परत जाताना एक जरी कमी भरलं तरी शोधायला विमान सोडावं लागतं."

"लिही. ऑर्व्हिल. आणि डॅगमार."

"आणि तिसरी तू."

"नाही. दोनच."

"दोनच? अगं, ऑगस्टमध्ये तू कुठं चाललीस?"

बाहेर ऑर्व्हिल रिकाम्या रस्त्याकडं बघत हात हलवत होता.

"डॉक्टरनं मला जुलैपर्यंतच सांगितलंय, बर्निस. या दोघांना अजून माहीत नाही. तू दोनच लिही, नाहीतर उगाच विमानं घेऊन मला शोधत बसाल."