कृष्णरावांचं भाषण

त्या वाक्यापाशी येऊन कृष्णराव थांबले. मंडपात तिसऱ्या रांगेत बसलेल्या सत्यभामाबाईंनी श्वास रोखला.

वाक्य त्यांनीच लिहिलेलं होतं. मोहाडीजवळच्या या शाळेत त्या चौदा वर्षं विज्ञान शिकवत होत्या, आणि संस्थेचे अध्यक्ष कृष्णराव यांची भाषणंही दरसाल लिहून देत होत्या. यंदा रौप्यमहोत्सव होता. पंचवीस वर्षांपूर्वी, नुकत्याच बौद्ध झालेल्या घरांतल्या मुलांना कुणी वर्गात नीट बसू देत नव्हतं, तेव्हा कृष्णरावांनी आपल्या सवर्ण भावकीशी भांडून आपल्या धानाच्या बांधीत ही शाळा उभारली. सत्यभामाबाई त्याच मुलांतल्या, शाळेच्या पहिल्याच तुकडीतल्या. म्हणून त्यांनी भाषणात अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा इतिहास घातला. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या गोऱ्यांनी ते काळ्यांसाठी काढलेलं. साल-तारखा बाईंनी दोनदा ताडून घेतल्या आणि शेवटी लिहिलं : तिथल्या प्रमुखाच्या खुर्चीवर पहिला काळा माणूस बसायला नव्वद वर्षं लागली.

मुख्याध्यापक महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. ज्येष्ठतेच्या यादीत पहिलं नाव बाईंचं होतं. आजवरचे तिन्ही मुख्याध्यापक कृष्णरावांच्या भावकीतले. स्वतःसाठी काही मागायला बाई त्यांच्या ओसरीवर कधी गेल्या नव्हत्या. जे मागायचं ते या एका वाक्यात होतं. चपराशी कवडूनं तर सकाळीच बाईंना विचारून घेतलं होतं, हेडमास्तर साहेबांच्या खुर्चीची गादी लयच खोल गेली, तुमच्यासाठी नवी भरून आणू का?

कृष्णरावांनी वाक्य वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग चष्मा काढून डोळे पुसले आणि कागद बाजूला ठेवला.

"शाळा देल्ली, पन खुर्ची देववली नाही," ते म्हणाले. "नव्वद वर्षं. त्यायले लाज वाटाले पायजे होती."

मागच्या रांगांतली म्हातारी माणसं उठून उभी राहिली. टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

कार्यक्रम आटोपल्यावर कृष्णरावांनी बाईंना बोलावून घेतलं. शेजारी त्यांचा पुतण्या जागेश्वर उभा होता, सहा वर्षांपूर्वी शाळेत लागलेला. नवा मुख्याध्यापक म्हणून संस्थेनं त्याचं नाव पक्कं केलं होतं. त्याच्या स्वागताचं भाषणही बाईंनीच लिहावं, असं कृष्णरावांनी मोठ्या मायेनं सांगितलं.

बाई हळूच म्हणाल्या, "भाऊसाहेब, ते नव्वद वर्षांचं..."

"लय मोठी गोष्ट लिहिली तुमी, बाई. काळजाले लागली," कृष्णराव म्हणाले. "पन तुमी काहून घोर करता? आपल्याले त आत्ता पंचवीसच झाले."