भासाच्या हातचं

"आला परत," प्राध्यापक बायकोला हळूच म्हणाले.

"अहो, कुणी नाहीये. दार तरी वाजलं का?" खिडकीपाशी बसलेली बायको म्हणाली.

पांढऱ्या सदऱ्यातला तो माणूस औषधाचा पेला घेऊन खाटेशी उभा राहिला. "सर, आज तरी घ्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. आणखी टाळलंत तर हाताबाहेर जाईल."

"बघ," प्राध्यापक म्हणाले, "भास आता डॉक्टरांचे दाखले द्यायला लागला."

"देईल नाहीतर काय. तुमच्याच डोक्यात राहतो, तुमच्याकडूनच शिकलाय. भासाच्या हातचं काही घेऊ नका म्हणजे झालं."

माणसाने मान खाली घातली.

खरं दिसणं आणि नुसतं भासणं आतून अगदी सारखंच असतं, हे प्राध्यापकांनी जन्मभर शिकवलं होतं. वर्गात निम्मी मुलं झोपलेली असत, उरलेली जागी असल्याचा आभास होई. आता तो विषय घरीच राहायला आला होता. पाय सुजून खांब झाले होते, आडवं झालं की श्वास कोंडायचा. पेल्याला हात लावून पाहावा, तर स्पर्श तरी कुठे धुतल्या तांदळासारखा?

माणूस खरा असेल, तर औषध नाकारून ते मरत होते. भास असेल, तर बायको त्यांना वेडाच्या वाटेवरून मागे ओढत होती.

"एक उपाय आहे," ते म्हणाले. "एका डोळ्याच्या कोपऱ्यात बोटाने हलकेच दाबलं, की बाहेरची प्रत्येक वस्तू दोन-दोन दिसते. मनातली मात्र एकच राहते. डोळा दाबता येतो, मन थोडंच दाबता येतं?"

"नसते उद्योग कशाला?" बायकोचा आवाज पहिल्यांदाच चढला. "डोळा जाईल. माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुझ्यावर आहे गं. डोळ्यांवर नाही."

त्यांनी बोट टेकवलं आणि दाबलं.

दोन दारं झाली. दोन पेले झाले. पांढऱ्या सदऱ्यातली दोन माणसं काळजीने त्यांच्यावर वाकली होती.

"अगं, हा तर खरा निघाला," ते म्हणाले आणि बोट तसंच ठेवून तिच्याकडे वळले.

दोन खिडक्या. दोन खुर्च्या. बायको एकीवरच बसली होती.